रजा आणि खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं असतं. घरातला सगळा हिशोब त्याच्यावर चालतो. दूध आलं नाही त्या तारखेला काळी फुली. मावशी कामाला आल्या नाहीत त्या तारखेला निळी फुली आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘खा’. खा म्हणजे खाडा. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे वजा करायचे. माझ्या आईच्या घरीही हेच चालायचं.

त्याच कॅलेंडरवर माझ्या रजाही असतात. त्यांना लाल गोल. एका ऑगस्टच्या अखेरीला हिशोबाला बसले, तर सलग तीन तारखांवर निळी फुली आणि लाल गोल एकमेकांना खेटून होते. त्या आठवड्यात गल्लीभर तापाची साथ होती. मावशी तीन दिवस त्यांच्या घरी पडून होत्या, मी माझ्या घरी. माझ्या पगारातून त्या तीन दिवसांचा एक पैसाही गेला नाही. मावशींचे तीन दिवस मात्र मी माझ्याच हातानं कापायला बसले होते.

ताप एकच, तारखा त्याच. एकीची झाली रजा, दुसरीचा झाला खाडा. या दोन शब्दांमधलं अंतर मोजावं म्हणून गेलं वर्षभर मी जिथे जाईन तिथे माणसांना दोनच प्रश्न विचारत राहिले. नेहमी किती तास काम करता? आणि गेल्या आठवड्यात किती केलंत?

दोन प्रश्न, दोन उत्तरं

हे प्रश्न माझे नाहीत. जगभरातल्या श्रमशक्ती पाहण्या हेच विचारतात. ‘नेहमीचे तास’ आणि ‘प्रत्यक्ष केलेले तास’ या दोन गोष्टी संख्याशास्त्रज्ञ पक्क्या वेगळ्या ठेवतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या छत्राखाली २००८ साली कामगार संख्याशास्त्रज्ञांची अठरावी परिषद झाली. तिने कामाच्या वेळेच्या सात निरनिराळ्या संकल्पना नेमक्या करून ठेवल्या. प्रत्यक्ष तास, नेहमीचे तास, करारातले तास, कायद्याने ठरलेले तास, पगार मिळालेले तास, जादा तास आणि गैरहजेरीचे तास. ब्रिटनच्या पाहणीत तर तिसरा प्रश्नही असतो: गेल्या आठवड्याचे तास नेहमीपेक्षा वेगळे का? उत्तरासाठी कारणांची यादी तयार असते. रजा, सण, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण, वाईट हवामान, काम कमी, जादा काम, संप.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार आधी झाला आणि त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने १९७० साली बेरोजगारीच्या मोजमापाबद्दल अहवाल दिला. पाश्चात्त्य देशांसारखा ‘इतके टक्के बेकार’ असा एकच आकडा भारतात फसवा ठरेल, हे त्याचं सार. इथला माणूस वर्षातून चार कामं करतो, काही महिने घरच्या शेतात, काही दुसऱ्याच्या, काही दिवस रिकामा. म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ सालच्या फेरीपासून माणसाची स्थिती तीन मापांनी नोंदवायला सुरुवात झाली: वर्षभराची नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती.

एप्रिल २०१७ पासून सुरू असलेल्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतही हा विचार जिवंत आहे. घरी येणारा कर्मचारी भेटीच्या आधीच्या सात दिवसांबद्दल एकेक दिवस घेऊन विचारतो, आणि प्रत्येक दिवशी प्रत्यक्ष किती तास काम झालं ते लिहितो. या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तरी आठवड्याच्या हिशोबात तो माणूस रोजगारात धरला जातो.

नाक्यावरचा आठवडा

हाच सात दिवसांचा प्रश्न मी पुण्यातल्या एका मजूर अड्ड्यावर विचारून पाहिला. सकाळचे साडेसात. चौकाच्या कडेला शंभरेक माणसं उभी. गवंड्याच्या हातात थापी आणि ओळंबा, रंगाऱ्याच्या पिशवीतून डोकावणारा ब्रश, बिगाऱ्याकडे नुसता डबा. मोटारसायकलवरून ठेकेदार येतो, थांबतो, बोट दाखवतो. दोघं मागे बसतात, बाकीचे पुन्हा आपापल्या जागी जातात.

मराठवाड्यातून आलेले, पन्नाशीच्या आसपासचे एक बिगारी माझ्याशी बोलायला तयार झाले. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. पूर्ण हजेरीला उभी रेघ, अर्ध्या हजेरीला आडवी, दीड हजेरीला उभ्या रेघेवर आडवी. काम नाही त्या दिवसाची जागा कोरी. आम्ही दोघांनी मिळून आठवडा उलगडला.

सोमवारी काम मिळालं, नऊ तास. मंगळवारी अकरापर्यंत नाक्यावर उभे, कुणी नेलं नाही, शून्य. बुधवारी दुपारी एकाच्या गच्चीवरचा राडारोडा उचलायला, चार तास. गुरुवारी स्लॅब. स्लॅब मध्ये थांबवता येत नाही, अर्धा ओतून उद्या उरलेला ओतला तर जोडावर भेग पडते. म्हणून सुरू झाला की संपेपर्यंत. सकाळी आठ ते रात्री दहा, चौदा तास. शुक्रवारी पाठ उचलेना, शून्य. शनिवारी नऊ. रविवारी एका बंगल्यात मातीकाम, सहा.

मी बेरीज केली. बेचाळीस.

“म्हणजे नेहमी आठवड्याला चाळीस-बेचाळीस तास होतात का?” मी विचारलं.

“नेहमी म्हणजे काय, ताई?” ते म्हणाले. “नेहमी आम्ही इथं येतो, एवढंच नेहमी.”

बेचाळीस हा आकडा कागदावर किती सभ्य दिसतो. कुठल्याही सरकारी कार्यालयातल्या आठवड्यासारखा. पण त्याच्या पोटात चौदा तासांचा एक दिवस आहे आणि दोन शून्यं आहेत. नमुना पाहणी हजारो घरांमध्ये, वर्षभर वेगवेगळ्या आठवड्यांत जाते, त्यामुळे देशाची सरासरी तिला बरोबर सापडते. कुणाचा भरलेला आठवडा पकडला जातो, कुणाचा रिकामा, आणि दोन्ही मिळून आकडा जमतो. माणसाला मात्र सरासरीवर जगता येत नाही. गेल्या आठवड्यातल्या चौदा तासांची भाकरी या आठवड्यातल्या शून्याला पुरवून खायची, तर आधी ती उरावी लागते.

मंगळवारचे साडेतीन तास तर कुठेच धरले जात नाहीत. साडेसात ते अकरा ते उभे होते. कामाची वाट पाहणं हे काम शोधणं आहे, काम करणं नव्हे, असा नियम आहे आणि मोजमापाच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. घर ते कामाची जागा हा प्रवासही प्रत्यक्ष तासांत धरत नाहीत. विरारहून किंवा कर्जतहून रोज लोकलला लोंबकळत येणाऱ्याचे तीन-चार तास असेच मोजणीबाहेर राहतात.

आकडा अठ्ठ्याण्णव

त्या शुक्रवारबद्दल मला अधिक सांगायचं आहे, ज्या दिवशी पाठ उचलली नाही.

पाहणीत प्रत्येक माणसाच्या स्थितीला एक सांकेतिक आकडा असतो. पगारी नोकरी आहे, पण आजारपणामुळे आठवडाभर कामावर गेला नाही, त्याला ७१. रजा किंवा इतर कारणाने गेला नाही, त्याला ७२. स्वतःचा धंदा किंवा शेती आहे आणि आजारी पडला, त्याला ६१. इतर कारण असेल तर ६२. या चौघांनीही त्या आठवड्यात एक तासही काम केलेलं नाही, तरी त्यांची गणना रोजगारात होते. काम त्यांची वाट पाहत आहे, बरे झाले की ते परत जातील, असं गृहीत असतं आणि ते योग्यही आहे.

रोजंदारीवरचा मजूर अख्खा आठवडा आजारी पडला तर त्याच्यासाठी वेगळा आकडा आहे: ९८. तात्पुरत्या आजारामुळे काम केलं नाही, फक्त रोजंदारी मजुरांसाठी. आणि ९८ हा आकडा येतो श्रमशक्तीच्या बाहेर. तो रोजगारातही नाही आणि बेरोजगारातही नाही. विद्यार्थी, निवृत्तिवेतनधारक आणि काम करू न शकणारे ज्या रकान्यांत असतात, त्यांच्या शेजारी त्या आठवड्यापुरता तो जाऊन बसतो.

यात पाहणी करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी वस्तुस्थितीच नोंदवली आहे. ज्याच्याकडे परत जायला नोकरीच नाही, त्याला ‘नोकरी आहे, पण आजारी’ असं कसं म्हणणार? ७१ आणि ९८ यांच्यातला फरक म्हणजे माझ्या कॅलेंडरवरचा लाल गोल आणि निळी फुली. फक्त इथे तो देशाच्या पातळीवर, अधिकृत अक्षरांत लिहिलेला आहे.

पगारी नोकरी असली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. शेती सोडून इतर क्षेत्रांतल्या नियमित पगारदारांना ही पाहणी विचारते की तुम्हाला पगारी रजा मिळते का. सुमारे निम्म्यांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुकानातला सेल्समन, शाळेच्या बसचा चालक, सोसायटीचा वॉचमन. महिन्याचा पगार ठरलेला, पण आजारी पडलं की खाडा.

सूर्य, भोंगा आणि रविवार

ही तफावत मुंबईच्या गिरण्यांइतकी तरी जुनी आहे. विजेचे दिवे येण्याआधी गिरणी उजेडावर चालायची. पहाट फुटली की सुरू, दिवेलागणीला बंद. साहजिकच डिसेंबरचा दिवस लहान आणि मे महिन्याचा मोठा, आणि त्या मापाने कामगाराचे तास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज आली आणि उजेडाची ती मर्यादाही गेली.

साप्ताहिक सुट्टी अशी नव्हतीच. गिरणी थांबायची ती यंत्रं पुसायला, आणि ती पुसायला कामगारच लागायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र करून सरकारपुढे मागण्या ठेवल्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. पाचवी मागणी फारशी कुणी सांगत नाही, पण मला ती सगळ्यांत मोठी वाटते. कामावर अपघात झाला तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा. खाड्याची रजा करा, असं सांगणारी ही मागणी १४० वर्षांपूर्वीची आहे. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, त्याच्यामागे ही माणसं आहेत.

तास घटण्याचं एक कारण संप असतं, असं पाहणीच्या यादीत कोरडेपणाने लिहिलेलं असतं. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. त्या आठवड्यातल्या शून्य तासांची मजुरी कामगारांनी स्वतःच्या पोटातून भरली, आणि ती स्वखुशीने भरली.

गावी जाणं हेही कारण होतंच. शिमगा, पेरणी, लग्नसराई आली की कोकणातले आणि घाटावरचे कामगार गिरणी सोडून गावी जायचे. त्यांच्या जागी उभा राहायचा तो ‘बदली’. तो रोज सकाळी गेटवर यायचा. कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम, नसेल तर परत. एकाचे कमी झालेले तास हेच दुसऱ्याचे मिळालेले तास. कायम आणि बदली हे एकाच चाळीत, कधी एकाच खोलीत राहायचे.

कायद्याने आठवडा आक्रसत गेला. १९२२ साली कमाल मर्यादा ६० तास होती, १९३४ च्या कायद्याने ती ५४ झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना १९४६ साली ती ४८ वर आणण्याचं विधेयक मांडलं गेलं आणि मंजूर झालं. १९४८ च्या कारखाने कायद्यात तोच आकडा कायम राहिला: आठवड्याला ४८, दिवसाला ९, त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी. एक सुट्टीही सक्तीची.

माग थांबतो तेव्हा

इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात गेले होते. आत शिरलं की बोलणं ऐकू येत नाही, माणसं ओठ वाचतात. एकेक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळत होता. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचा. मजुरी मीटरवर, तीही कापडाच्या पिकांच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने. पाळी बारा तासांची.

मी आत असतानाच लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले आणि त्या शांततेनं कान दुखले. कुणी बाहेर ओट्यावर बसलं, कुणी तंबाखू मळली, एकाने मागाखालचा कापूस झाडून काढला. पाऊण तासाने लाईट आली.

त्या पाऊण तासाला काय म्हणायचं? २००८ च्या त्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत याचं उत्तर आहे. यंत्र बिघडलं, वीज गेली, कच्चा माल संपला आणि कामगार जागेवर कामाला तयार असेल, तर असा खोळंब्याचा वेळ प्रत्यक्ष कामाच्या तासांतच धरायचा. म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने ओट्यावर बसलेला विणकर काम करत होता. दिवाणजीच्या वहीत मात्र मीटर लिहिले जातात, तास नाही. त्या पाऊण तासात एक मीटरही निघाला नाही, म्हणून मजुरीही नाही. सुताचा भाव चढला म्हणून मालकाने मागावर सुताचं बीम लावलं नाही, तरी तसंच.

“आमचे तास तेवढेच असतात ताई, मीटर कमी-जास्त होतात,” एक कामगार ओट्यावर म्हणाला. त्याच्या आठवड्यातली तफावत तासांच्या रकान्यात दिसणारच नाही, ती पगाराच्या पाकिटात दिसेल.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत याच्या उलट चित्र आहे. तिथल्या टाइमशीटमध्ये आठवडा नेहमी ठरल्याइतकाच भरतो. रात्री अकराचा परदेशी ग्राहकाबरोबरचा कॉल, शनिवारी पाठवलेली दुरुस्ती, यांना त्या तक्त्यात रकाना नसतो. नेहमीचे तास लिहिलेले, प्रत्यक्षाचे तास फक्त घरच्यांना माहीत.

समुद्राचा पंधरवडा

प्रत्येक चढउतार दुःखाचा नसतो, हे मला वसईच्या किनाऱ्यावर उमगलं. तिथे डोलीच्या जाळ्याने बोंबील पकडतात. हे जाळं खुंटांना बांधून पाण्याच्या ओढीत सोडलेलं असतं, मासळी त्यात ओढीनेच येते. म्हणून ओढ जोराची हवी. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते तेव्हा कोळी झोपत नाहीत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ मंद. तेव्हा जाळी दुरुस्त होतात, लग्नं ठरतात, माणसं घरी जेवतात. त्यांचा आठवडा सात दिवसांचा नाहीच, तो पंधरवड्याचा आहे आणि चंद्र तो आखतो. शिवाय १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. एखादा प्रश्नकर्ता उधाणाला आला तर त्याला आठवड्याचे ऐंशी तास सापडतील, जुलैमध्ये आला तर होडी शाकारलेली सापडेल.

पण ही तफावत घराला आधी माहीत असते. म्हणून उन्हात बोंबील वाळतात, सुकट भरून ठेवली जाते, पावसाळ्याची बेगमी होते. मासळीचा दुष्काळ आणि डिझेलचा भाव यांमुळे ही बेगमी हल्ली पुरत नाही, हेही तिथल्या बायकांनी सांगितलं.

त्या किनाऱ्यावर माझ्या मनात तीन प्रश्न पक्के झाले. कामाचे तास नेहमीपेक्षा वेगळे होतात तेव्हा ते आधी कळलं होतं का? ते कुणी ठरवलं? आणि त्याची किंमत कुणी मोजली? सुट्टी घेऊन कोकणात जाणाऱ्याचे तास कमी होतात ते त्याला आधी माहीत असतं, त्यानेच ठरवलेलं असतं आणि किंमत मालक मोजतो. नाक्यावरच्या माणसाचे तास कमी होतात तेव्हा तिन्ही उत्तरं उलटी असतात. तासांचा आकडा दोघांचाही शून्यच.

कोयत्याचा खाडा

खाडा या शब्दाचं सगळ्यांत क्रूर रूप उसाच्या फडात भेटतं. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती मजुरीतून फेडायची. पहाटे चारला फडात, दिवसभर तोड, मोळ्या बांधणं, आणि रात्री कधी गाडी येईल तेव्हा डोक्यावरून मोळ्या वाहून ती भरणं. गाडीची वेळ कारखान्याच्या गव्हाणीवर अवलंबून. या कामाला तास कसले विचारणार?

एखाद्या दिवशी गेलं नाही तर मुकादम खाडा लावतो. इथे खाडा म्हणजे नुसती त्या दिवसाची मजुरी बुडणं नाही, वर दंडही पडतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, ताप असताना बायका फडात जातात त्या या दंडाच्या धाकाने. बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण फार मोठं आहे असं समोर आलं, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या शस्त्रक्रियांमागे डॉक्टरांचा धंदा, लहान वयातली लग्नं, उपचारांचा अभाव अशी अनेक कारणं होती. त्यांतलं एक कारण खाडा. आठवड्याचे तास कमी होऊ नयेत म्हणून शरीरातला अवयवच काढून टाकायचा, इथपर्यंत ही गोष्ट जाते.

फडातून खोपीत आल्यावर स्वयंपाक, पाणी, मुलं. ते कुठल्याच कोयत्यात धरलेलं नाही. देशव्यापी वेळ-वापर पाहणी पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असे चोवीस तास विचारते. २०२४ च्या पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं खर्च होत होता, पुरुषांचा ८८ मिनिटं. दिवाळीच्या आठवड्यात कार्यालयांतले तास घटतात तेव्हा याच मिनिटांत चकल्या तळल्या जातात.

खाड्याची रजा करता येते

कोरोनाच्या साथीत २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि सगळ्या जगाचेच तास त्या वर्षी एकदम घटले. तेव्हा अनेकांच्या नोकऱ्या कागदावर शाबूत होत्या, पण कामच नव्हतं. नोकऱ्या मोजून संकट दिसेना, म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तास मोजले. २०२० मध्ये जगात ८.८ टक्के कामाचे तास बुडाले, म्हणजे साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके, असा तिचा अंदाज होता. ज्यांच्या बुडालेल्या तासांची भरपाई कुणीतरी केली ती माणसं घरात बसली. ज्यांची कुणी केली नाही ती रस्त्याने चालत निघाली.

भरपाई करणारं कुणीतरी असावं लागतं. महाराष्ट्राने ते एकदा करून दाखवलं आहे. मुंबई-पुण्याच्या बाजारांतल्या हमालांना एक मालक नव्हता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. रजा द्यायची कुणी? अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या चळवळींतून १९६९ साली माथाडी कायदा आला. प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही माथाडी मंडळात भरायची. मंडळ सगळ्यांची मजुरी एकत्र करून हमालाला देणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्टी. मालक बदलत राहिले तरी चालतील, मंडळ कायम. ज्याचे तास रोज बदलतात अशा माणसालाही रजा देता येते, फक्त तिचा भार अनेकांनी थोडाथोडा उचलायला हवा, हे या कायद्याने सिद्ध केलं. कर्मचारी राज्य विमा योजनाही याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या कक्षेतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. पण नाक्यावरचे बिगारी, फडातला कोयता आणि आमच्या मावशी त्या कक्षेबाहेर आहेत. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, संघटना बांधली, पगारी सुट्टी मागितली. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. रजेचा प्रश्न अजून ज्याच्या-त्याच्या स्वयंपाकघरात अडकलेला आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे ४८ तसेच राहणार आणि जादा कामाला कामगाराची संमती लागणार, असं सांगितलं गेलं. इथेही मला किनाऱ्यावरचे तेच तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. आजचा दिवस बारा तासांचा आहे हे त्याला काल कळेल का? ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्याच्यात असेल का? आणि उद्या मागणी घटून दिवस चार तासांचा झाला, तर उरलेले तास कुणाच्या वहीत पडतील?

कॅलेंडरवरची खूण

त्या ऑगस्टअखेरीला मी पैसे कापले नाहीत. मावशींना सांगितलं, यापुढे आजारपणाचे दिवस आणि महिन्याच्या दोन सुट्ट्या पगारी. आता कॅलेंडरवर फुल्या करणार नाही.

त्या पदराला हात पुसत कॅलेंडरपाशी आल्या. जुनी पानं उलटून पाहू लागल्या. मार्चमध्ये चार फुल्या, जूनमध्ये दोन, ऑगस्टमध्ये तीन.

“फुल्या करत जा, ताई,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर विचारतात, कंबर कधीपासनं दुखते. मला सांगता येत नाही. इथं सगळं लिवलंय.”

खूण चुकीची नव्हतीच. किती दिवस, कशामुळे, हे लिहून ठेवलंच पाहिजे. लोखंड्यांच्या काळापासून आजच्या पाहणीपर्यंत ज्यांनी ज्यांनी हे तास मोजले, त्यांच्यामुळेच आपल्याला हे दुखणं दिसलं. चुकीची होती ती फुलीनंतरची वजाबाकी. आम्ही दोघींनी नव्या महिन्याचं पान उलटलं. निळ्या फुल्या आता तशाच असतात, त्यांच्याखाली ‘खा’ लिहीत नाही. ‘कंबर’, ‘ताप’, ‘नातवाची शाळा’ असं लिहिते. पगार एक तारखेला, पूर्ण.